तारेचं टोक

बंद पंखा. खिडकीच्या फटीत कोंबलेला टॉवेल. पाण्याच्या दोन काळ्या नळ्या. ३४.६.

हा आकडा चांगला होता. धम्मदीप व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसला होता आणि आतल्या खोलीतून दर मिनिटाला दोन तापमानं त्याच्याकडे येत होती. एक, कॉम्प्युटर थंड ठेवणाऱ्या पाण्याचं; दुसरं, खोलीत टांगलेल्या तारेच्या टोकाने मोजलेलं, हवेचं. नुसतं पाणी मोजून काही कळत नाही. पाणी हवेपेक्षा किती गरम, तेच खरं. पाणी ४३, हवा ३४.६. फरक दहाच्या आत राहिला, तर दोन वर्षं खपून बनवलेला, हे पाणी फिरवणारा त्याचा पंप रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लागणार होता. एक वाजेपर्यंत आकडे पाठवायचे होते.

खोलीत झुळूक नको, माणसांची ये-जा नको. बाबा मात्र आतच होते. खोली त्यांचीच. बाबा, म्हणजे देवीदास, चौतीस वर्षं फॅक्टरीत माल तपासायला होते. बाहेर बसा म्हटल्यावर हसले होते. "अरे, एका जागी बसलेला म्हातारा म्हणजे खोलीतलं कपाट. त्याला काय मोजून राहिला तू?"

साडेदहाला हवा ३३.९.

अकराला ३२.८. फरक दहाच्या पार. धम्मदीपने पाण्याचा आकडा पुन्हा पाहिला. ४३च.

तेवढ्यात नीलिमा चहा घेऊन आली. "अहो, बाबांनी आज चहा नाही मागितला. देऊन येते."

"दार नको उघडू! सगळं टेस्टिंग वाया जाईल."

"दोनदा हाक मारली मी. ओ नाही दिली."

"पंप घरघरून राहिला आत. ऐकू कुठून येईल? एक वाजू दे ना, यार."

आपल्या नवऱ्याकडे एकदा बघून ती कपावर बशी झाकून निघून गेली.

पावणेबाराला ३१.४. व्हरांड्याची फरशी चटके देऊ लागली होती. दुपार चढत असताना बंद खोली थंड कशी होईल? आणि हवा उतरली, तर पाणीही उतरायला हवं. पाणी जिथल्या तिथे, ४३. म्हणजे हवा उतरलीच नव्हती. तारेचं टोक भलत्याच कशाला तरी टेकलं होतं. धम्मदीप हसला. पंपाचा दोष नव्हता तर. तो उठला आणि त्यानेच दार उघडलं.

कोंडलेली हवा तोंडावर आली. पंख्याच्या हुकावरून खोलीच्या मध्ये सोडलेली तार आता तिरपी ताणली होती. थेट बाबांच्या खुर्चीपर्यंत. बाबा खुर्चीत बसले होते, मान छातीवर. टोक त्यांच्या मुठीत होतं.

त्याने ती मूठ हातात घेतली. हात खोलीइतकाच गरम होता. ना कमी, ना जास्त.

सकाळचा तो चांगला आकडा पंपाचा नव्हता, या मुठीचा होता.

"नीलिमा," त्याने हाक मारली. मागे पंप घरघरत होता. लॅपटॉपवर हवा ३१.२ झाली.

सकाळी नऊ वाजता, दार ओढून घेताना, हेलकावणाऱ्या तारेकडे बोट दाखवून धम्मदीप म्हणाला होता, "बाबा, हे टोक हलू देऊ नका."