चहावाल्याचं रक्त

थोरल्याने धाकट्याच्या कानाखाली अशी काही वाजवली की न्हाणीघरात साबण चोळणारे सगळे हात जागच्या जागी थांबले.

"नऊ?" थोरला ओरडला. रक्ततपासणीचा कागद त्याच्या मुठीत चुरगळला होता. "रक्तात शिसं फक्त नऊ? पाच वर्षं भट्टीवर आहेस तू! फाटकावरच्या कुत्र्याच्या रक्तात याहून जास्त निघेल!"

थोरला भट्टीचा मुकादम. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि साच्यात ओतायचं, हे तिथलं काम. दर तीन महिन्यांनी रक्त तपासत. आकडा पन्नासच्या वर गेला की त्या माणसाला भट्टीवरून उचलून खोकी चिकटवायला धाडायचं, असा नियम होता. धाकटा तिथला पहिल्या नंबरचा ओतारी. साच्याबाहेर त्याचा थेंब सांडत नसे. खोकी चिकटवण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो चारचौघांत सांगायचा.

"कुणाला बसवलंस तुझ्या नावावर?"

धाकट्याने मान फिरवली. पण दारात किटली घेऊन चहावाला उभा होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. भट्टीकडे कधी न फिरकणारा असा त्या अख्ख्या कारखान्यात तोच एक होता.

"माझ्यावर कशाला डोळे वटारता?" तो म्हणाला. "तपासणीच्या बाई काय तोंडं ओळखतात? नाव पुकारलं, मी दंड पुढे केला. टोचून टोचून चाळण झालीय माझी."

थोरल्याने दुसरी ठेवून दिली. ती मात्र धाकट्याने मुकाट्याने घेतली नाही. तो मान खाली घालून धावून आला आणि त्याचं डोकं थोरल्याच्या नाकावर आदळलं. काहीतरी कट्‌ वाजलं. दोघे मिळून मधल्या बाकड्यावर कोसळले. बाकड्याच्या अलीकडे भट्टीचे कपडे, पलीकडे घरचे, आणि अलीकडची धूळ पलीकडे न्यायची नाही, ही त्या खोलीची शिस्त. बाकडं आडवं झालं आणि शिस्तही. भट्टीच्या बुटांनी घरचे कपडे तुडवले, थोरल्याच्या नाकातलं रक्त कुणाच्या तरी धुतल्या सदऱ्यावर ठिबकलं.

दोघे-तिघे सोडवायला पुढे आले.

"मध्ये पडेल त्याचंही थोबाड फोडीन," थोरला म्हणाला, आणि ते मागे सरले.

त्याने धाकट्याला मानेला धरून नळाखाली दाबलं. "उद्यापासून भट्टीवर दिसलास तर तंगड्या तोडीन!"

"तोड की!" धाकटा पाण्यातून गुळण्या करत ओरडला. "खोकी बसूनच चिकटवायची असतात!"

कुणीतरी फिसकन हसलं. धाकट्याने गुडघा वर घेऊन थोरल्याच्या पोटात हाणला आणि सुटला. भिंतीला टेकून तो धापा टाकू लागला.

"आणि हे मला शिकवलं कुणी? सांगू सगळ्यांना? दोन वर्षांपूर्वी ह्या चहावाल्याला आपल्या नावावर कुणी बसवलं होतं?"

सगळ्यांनी चहावाल्याकडे पाहिलं. चहावाल्याने किटलीकडे पाहिलं.

"पहिला दंड तुमच्याच नावावर दिला होता, मुकादम," तो हळूच म्हणाला.

खरं होतं ते. मुकादमपद जाऊ नये म्हणून थोरल्याने एकदा, फक्त एकदा, तसं केलं होतं, आणि रात्री जेवताना धाकट्याला हसत हसत सांगितलं होतं. आता त्याला स्वतःची इतकी किळस आली की भाऊ कुठे संपतो आणि आपण कुठे सुरू होतो हेच त्याला कळेना. त्याने पुन्हा झेप घेतली. झटापटीत धाकट्याच्या उजव्या तळव्यापासून मनगटावर चढलेला चामड्याचा रुंद पट्टा तुटून त्याच्या हातात आला.

असा पट्टा सगळेच ओतारी बांधत. ह्याच्या आत मात्र वीतभर लांबीची पत्र्याची पट्टी शिवलेली होती.

थोरल्याने ती बोटांनी चाचपली. मग तो हसला, आणि ते हसू फार वाईट होतं.

"पत्रा लपवून आलास होय? सख्ख्या भावाला मारायला?" त्याने पट्टा भिरकावून दिला, हात मागे बांधले आणि रक्ताने माखलेलं तोंड पुढे केलं. "घे. मार. मीच बिघडवलं ना तुला? मग काढ सगळं उट्टं. मी हात उचलणार नाही."

धाकटा जागचा हलला नाही.

"मार म्हणतो ना! कोपरापासून घे आणि मार!"

धाकट्याने उजवा हात उगारला. दंड वर आला, कोपर वर आलं, पण पत्र्याचा आधार गेलेला मनगटापुढचा पंजा ओल्या मोज्यासारखा खाली लोंबत राहिला. मूठ धड वळेना. मघापासून हा डोक्याने लढत होता, गुडघ्याने लढत होता. उजव्या हाताचा एकही फटका आपल्याला बसला नव्हता, हे थोरल्याच्या आत्ता लक्षात आलं. शिशाने असा गळालेला हात त्याने आधी एकदा पाहिला होता. जुन्या ओताऱ्याचा. त्याला आता त्याची बायको भरवते.

"मार ना रे," थोरला म्हणाला. त्याचा आवाज पार फाटला होता. "मार ना एकदा."

धाकट्याने दात आवळले. डाव्या हाताने उजवं मनगट खालून उचलून धरलं आणि तो पंजा भावाच्या गालापर्यंत कसाबसा नेऊन टेकवला.

"मारतोय, दादा," तो म्हणाला. "मारतोय की."