चिखलातली पावलं

"ही पाणथळ पडीक आहे. तिथं कुणी फिरकत नाही," पाणथळ बुजवून इमारती बांधण्यावरच्या सुनावणीत बिल्डरचा वकील म्हणाला.

अधिकाऱ्यांनी पाणथळीतला चिखल यंत्रात ठेवला. चिखलात रुतलेली जुनी पावलं यंत्र ऐकवायचं. वरच्या थरात समोरच बसलेल्या, खेकडे धरणाऱ्या सुगंधा तांडेलची चाल वाजली. चाळीस वर्षं जुन्या, खालच्या थरात वेगळी चाल आली. त्यात एक पाऊल दमदार होतं, दुसरं ओढत टाकलेलं. मध्येच ती चाल थांबायची.

"अंडीवाली खेकडी परत सोडतेय," सुगंधा पुटपुटली. "माझी आय. जाऊन वीस वर्षं झाली."



"मावशी, तुमची हरकत लिहून घेऊ?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी मागनं लिवा. आधी आयची."