निघण्याआधीच्या दोन उड्या

आमचा यारोन सैन्याच्या टेहळणी पथकात होता. रजा संपली की तो दाराशी पाठपिशवीसकट दोन उड्या मारायचा, अंगावरचं काही वाजतंय का ते पाहायला; जरा वाजलं तरी शत्रूला चाहूल लागते.

"बास रे मेल्या, खालचे ओरडतील," त्याची आई योखेवेद हसून म्हणायची.

तो लेबनॉनमध्ये मारला गेला. तेव्हापासून आमच्या इस्राएलमधल्या डिमोना गावच्या घरात रोज संध्याकाळी ऐकू यायचं. धप्, धप्. माझे कान म्हातारे; भास असेल. पण योखेवेद दार उघडं ठेवायची. "पोरगा आलाय, बाहेर ताटकळायला नको."

तो गेल्याला वर्ष झालं, त्या प्रार्थनेला त्याच्या पथकातला आसाफ आला. आवाज झाला, तसा चहाचा ग्लास त्याच्या हातातच राहिला.

"अंकल," तो हिब्रूत चाचरत म्हणाला, "परत येताना आम्ही उड्या मारत नाही. निघतानाच मारतो."

योखेवेदने उघड्या दाराकडे पाहिलं. मी उठलो, दाराला कुलूप लावलं, किल्ल्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.

धप्, धप्. अगदी माझ्यासमोर.

मी थरथरलो, तशा खिशातल्या किल्ल्या वाजल्या. आणि कुणीतरी खिशावर हात ठेवून त्या हळूच दाबून धरल्या.