दाव्यासकट

धुरपदाबाईंनी दावं सोडलं नाही. एक टोक त्यांच्या मुठीत, दुसरं भिंगरीच्या गळ्यात, आणि मधे डॉक्टर हर्षाली, हातात कागदांचा गठ्ठा घेऊन.

"मावशी, शेळी द्या आणि दावं तुमच्याकडं ठेवा. टेम्पो खोळंबलाय."

तेर गावातल्या जनावरांच्या दवाखान्यासमोर, लिंबाखाली टेम्पो उभा होता. ढोकीकडच्या शेळ्या आधीच चढल्या होत्या आणि फळ्यांच्या फटीतून तोंडं काढून बघत होत्या. आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाला सरकार दोनशे उस्मानाबादी शेळ्या भेट देणार होतं. भिंगरीनं दोन्ही वेळा जुळं दिलेलं, म्हणून तिचा नंबर लागला. पैसे बँकेत आले होते. चारी खुरं जांभळ्या औषधाच्या बादलीत बुडवून झाली होती. अडलं होतं ते दाव्यापाशी.

"इकलं तर दावं ठिवून घेत्यात," धुरपदाबाई म्हणाल्या. "दिलं तर दाव्यासकट देत्यात. ही इकली का दिली, तेवढं सांगा."

"तुम्ही सरकारला विकली. सरकार तिकडं देणार. फुकट."

"सरकार फुकट काय देत न्हाय. बदल्यात काय घेणार?"

हर्षालीनं क्षणभर विचार केला. "मैत्री. उद्या जगाच्या बैठकीत आपली काही अडचण निघाली, तर तो देश आपल्या बाजूनं हात वर करील."

"म्हंजी भावकीवानीच."

"तसंच समजा."

"मला दोनशे शेळ्या दिल्या तर पोरीला खाली ठिवून दोन्ही हात वर करते म्या," सून निकिता म्हणाली. तिच्या कडेवरची लेक भिंगरीच्या कानाकडं झेपावत होती. "सोडा आत्या आता. भिंगरी इमानात बसायली. आपुन अजून सोलापूरच्या पुढं गेलो न्हाय."

धुरपदाबाई हसल्या नाहीत. दावं बोटांत फिरवत राहिल्या. हिरव्या लुगड्याच्या चिंध्या मांडीवर वळून केलेलं होतं ते. सुतळीनं भिंगरीचा गळा सोलवटायचा, म्हणून.

"तिकडं कुणाला कळणार आहे मावशी, दाव्याचं?"

"भिंगरीला कळतंय की."

भिंगरीनं हर्षालीच्या कागदाचा कोपरा चावून बघितला. हर्षालीनं तो हळूच सोडवून घेतला.

"नियम आहे मावशी. महिनाभर वेगळ्या गोठ्यात ठेवणार, मग विमान. बाहेरची दोरी नाही, चारा नाही. त्यातनं रोग जातात. सगळं माझ्या सहीनं जातंय. कागदावर नसलेली एक वस्तू निघाली, तर अख्खा टेम्पो माघारी येईल."

"यिऊ द्या."

"आत्या!"

धुरपदाबाई खाली उकिडव्या बसल्या. भिंगरी लगेच त्यांच्या खांद्याला अंग घासू लागली.

"बहात्तरच्या दुस्काळात म्या आठ वर्साची व्हते. बाहेरदेशातनं मिलो यायची. लाल ज्वारी. आय भाकर थापायची, ती तव्यावर पडूस्तवर तुटायची. पर पोट भरायचं. म्या लई इचारायची, आये, ही कुणी दिली? आय म्हणायची, सरकारनं. म्हणलं, सरकारच्या रानात पिकती व्हय?" त्यांनी दाव्यावरून अंगठा फिरवला. "कुणीतरी पेरली असंल की. कुणीतरी काढली असंल. त्याचं काय बी कळलं न्हाय मला. आजपस्तोर न्हाय."

टेम्पोतली एक शेळी ओरडली. भिंगरीनं कान टवकारले.

"तिकडं जी बाई हिला घेईल, तिच्या हातात माझी गाठ यिऊ द्या. तेवढंच."

हर्षालीनं कागद उलटला, परत सुलटा केला.

"आन् रोगाचं म्हणताव," धुरपदाबाई म्हणाल्या, "तर खुरं बी बाहेरचीच हायती की. ती बुडिवल्यावर चालत्यात?"

निकितानं पदर तोंडाला लावला. हर्षालीनं बादलीकडं पाहिलं, मग धुरपदाबाईंकडं. मग कागद गुडघ्यावर धरून 'विशेष खुणा' या रकान्यात लिहायला लागली. लिहिलेलं मोठ्यानं वाचलं.

"गळ्यात हिरवं कापडी दावं. औषधात बुडवून निर्जंतुक केलेलं." तिनं पेनाला टोपण लावलं. "पण पुरं पाच मिनिटं बुडवायचं, मावशी. मी घड्याळ लावणार."

धुरपदाबाईंनी दावं सोडलं आणि दोन्ही हातांनी बादलीत दाबून धरलं. पाच मिनिटं त्या हलल्या नाहीत. भिंगरी मोकळी होती, तरी तिथंच उभी राहिली. हिरवं दावं काळपट जांभळं होऊन वर आलं. त्यांनी ते पिळलं, भिंगरीच्या गळ्यात बांधलं, आत दोन बोटं घालून ढिलं आहे ना बघितलं. तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्या.

मग उभ्या राहिल्या आणि दाव्याचं टोक हर्षालीपुढं धरलं. हर्षालीनं कागद काखेत मारले आणि दोन्ही हात पुढं करून ते घेतलं.

टेम्पो ढोकीच्या रस्त्याला लागेपर्यंत सासू, सून आणि नात लिंबाखाली उभ्या होत्या. धाकटी हात हलवत होती, कुणी शिकवलं नसताना.

"आत्या, हात धुवा लवकर," निकिता म्हणाली. "ह्याचा डाग लई दिस निघत न्हाय."

धुरपदाबाईंनी दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ती तिकडं पोचस्तवर टिकतोय का बघू."