आणखी पंधरा दिवस

"घाबरू नकोस. हे फक्त प्लास्टर कापतं, कातडी नाही," असं म्हणत डॉक्टरांनी हातातलं यंत्र सुरू केलं आणि स्वतःच्याच तळहाताला टेकवून दाखवलं.

रसिका घाबरली नव्हतीच. तिला घाई झाली होती. भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीला तिच्या घोट्याचा एक्स-रे लावला होता. आधीच्या एक्स-रेत जिथे काळी रेघ होती, तिथे आता पांढरट ढग जमला होता. नवं हाड. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं तो ढग दाखवला, तेव्हा तिला वाटलं, हे आपण केलंय. सांगितल्याप्रमाणे पायाची बोटं हलवून, नकोसं दूध पिऊन, एकदाही पाय खाली न टेकवता.

खो-खोच्या सामन्यात खांबापाशी सूर मारताना ती पडली होती. गडी बाद झाला, पण घोटा मोडला. खो-खोचे काळुराम सर घरी येऊन सांगून गेले होते की जिल्ह्याच्या संघाची निवड सुट्टी संपता संपता आहे, वेळेत पळायला लागलीस तर तुझी जागा कुठे जात नाही. पुढच्या वर्षी ती चौदाच्या गटात बसणार नव्हती. मोठ्या मुलींमध्ये तिला कोण विचारणार?

"आज काढलं तर तोवर पळेन ना, डॉक्टर?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"पळशील गं बाई! आधी नीट चालायला तर लाग."

ती हसली. आई हसली नाही. ती रसिकाच्या केसांवरून हात फिरवत उभी होती.

पडल्याच्या दिवशी सगळं वेगळं होतं. दक्षिणेतल्या देवळांची सहल ठरलेली, दोन्ही घरांची मिळून आठ माणसं. मोठे काका रसिकाच्या डोंबिवलीच्या घरी सोफ्यावर बसून म्हणाले होते, "आता हिला कोण उचलत फिरणार? ठेवा बदलापूरला आत्याकडे. एकीच्या उड्यांपायी सगळ्यांची ट्रिप कशाला नासवायची?" रसिका उशीत तोंड खुपसून रडली होती.

मग आठवड्याभरात काय झालं कोण जाणे, तेच काका मोठं चॉकलेट घेऊन दारात उभे! "रसिकाशिवाय ट्रिप? अरे हट्! ती पहिली, मग आपण!" त्यांनी तिच्या पायाचे फोटो काढले, एक समोरून, एक बाजूनं. काकूंनी तिला आवडतात म्हणून नारळाच्या वड्या पाठवल्या. चुलत भावंडं प्लास्टरवर स्केचपेननं नावं लिहायला लागली, तर काकूच ओरडल्या, "ए, चित्रं काढू नका रे त्यावर, स्वच्छ राहू दे!" आज ठाण्याला नौपाड्यात यायला काकांनी स्वतःची गाडी दिली होती. रसिकाला वाटायचं, मोडायलाच हवा होता एकदा पाय. माणसं किती जवळ आली.

डॉक्टरांनी यंत्र प्लास्टरला लावलं, आणि आई म्हणाली, "डॉक्टर, थांबा."

यंत्र थांबलं.

"हिला अजून दुखतं हो. ही सांगत नाही. रात्रभर कण्हते पोर, मी पाय चेपत बसते."

रसिका वळून बघायला लागली. "आई? कुठे दुखतंय? डॉक्टर, नाही दुखत! अजिबात नाही!"

डॉक्टरांनी एक्स-रेकडे पाहिलं, मग आईकडे. "फोटोत तर छान दिसतंय सगळं."

"खरंच नाही दुखत, डॉक्टर! आईशप्पथ!"

"खेळणारी पोरं सगळी असंच म्हणतात," ते हसले. "मैदान दिसलं की यांचं दुखणं पळून जातं. खरं विचारायचं ते आईला." त्यांनी यंत्र ट्रेमध्ये ठेवलं. "राहू द्या आणखी पंधरा दिवस. पण एक सांगतो, पाय बांधून ठेवला की पोटरी सुकत जाते. ताकद भरून यायला वेळ लागेल. ती निवड विसरावी लागेल."

"चालेल," आई म्हणाली.

परत येताना बाबा गाडी चालवत होते. मागच्या सीटवर आईनं रसिकाचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला होता. शीळफाट्याला गाडी अडकली तरी रसिकाचं रडणं थांबलं नव्हतं.

"मी कधी कण्हले गं?"

"झोपेत कण्हतेस. झोपेतलं तुला काय कळणार, बाळा?"

रसिका विचारात पडली. असेलही. आपण गाढ झोपत असू आणि ही अंधारात जागी राहत असेल. हिला भीती वाटली असेल, घाईघाईत पाय पुन्हा मोडेल म्हणून. रागावलेल्या मनानंही तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईनं पदरानं तिचे डोळे पुसले.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. मोठे काका. बाबांनी स्पीकर चालू केला.

"काय रे साईनाथ, काढलं का प्लास्टर?"

किती काळजी करतात, रसिकाला वाटलं. ती सांगायला पुढे वाकली, पण आई आधी बोलली.

"नाही काढू दिलं, दादा. आहे तसंच आहे."

"शाब्बास, स्वप्ना! मानलं तुला!" काका गाडी भरून हसले. "मग पुढच्या आठवड्यासाठी करतो मी व्हीलचेअर पक्की. तो ट्रिपवाला म्हणालाच होता, पायाला प्लास्टर दिसलं पाहिजे, डॉक्टरच्या नुसत्या कागदावर सोडत नाहीत. आता एकाही देवळात रांग नाही. हिला पुढे ढकलायची, आणि आपण सातही जण मागून आत!"