वरच्या बुजगावण्याला मत

उदारामच्या ब्लॉगवर जन्मातली पहिली कॉमेंट आली, तेव्हा तो बिरसीच्या आपल्या बांधावर पोपट हाकत होता. हातातलं काम टाकून त्याने मोबाइल उघडला. कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'माझं मत वरच्या बुजगावण्याला. काय चेहरा आहे!'

उदारामने बोटाने पान वर सरकवलं. वर बुजगावणं नव्हतंच. वर त्याचा स्वतःचा फोटो होता.

कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कोंबड्यांच्या झुंजीचा. उदारामला बुजगावण्यांचा. दुसऱ्याच्या शेतात एखादं बुजगावणं दिसलं की गाडी थांबवून त्याचा फोटो घ्यायचा आणि 'बांधावरचे पहारेकरी' या आपल्या ब्लॉगवर टाकायचा. बिरसीचे पोपट विमानतळावरून उडून डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या शिकाऊ विमानांनाही भीत नाहीत, ते बुजगावण्याला काय भिणार? पण नाद तो नाद. धान निसवलं की उदाराम दरवर्षी ब्लॉगवर स्पर्धा ठेवायचा. वाचकांनी मत द्यायचं, जिंकेल त्या बुजगावण्याला नवाकोरा शर्ट. आजवर मत एकही आलं नव्हतं. शर्ट पुन्हा पेटीत जायचा आणि पुढच्या वर्षी तोच बाहेर निघायचा.

"बुजगावण्याले नवा शर्ट, अन् तुमी फाटक्यात," बायको शामकला म्हणायची. "काऊन जी?"

"नेम म्हणजे नेम," उदाराम म्हणायचा.

यंदा मात्र त्याने मनावर घेतलं. एक तरी माणूस मत देईल असा ब्लॉग करायचाच. गोंदियाला कॉलेजात शिकणाऱ्या गुंजनला, म्हणजे आपल्या लेकीला, त्याने कामाला लावलं. तिने पान उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, काळ्यावर लाल अक्षरं? आँखें फूट जाएँगी कोणाची! मत कुठं द्यायचं तेच दिसून नाही राहिलं."

तिने वरून गळणारी फुलं काढली, लुकलुकणारं सुस्वागतम् काढलं, कोपऱ्यात गरगर फिरणारी पणती विझवली. पान कसं धुतल्या धोतरासारखं पांढरं झालं. मग म्हणाली, सगळ्यात वर ब्लॉगवाल्याचा फोटो पाहिजे. उदारामला हे फार पटलं. तो धानात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून, नजर लांब कुठेतरी. अंगात विटका शर्ट, कारण नवा तर बक्षिसाचा. डोक्याला दुपट्टा. तेवढ्यात शामकला काजळाची डबी घेऊन आली. साऱ्या दुनियेची नजर लागणार म्हटल्यावर एका बारीकशा तिटेने काय होतं? तिने दोन्ही गालांवर रुपयाएवढे काळे ठिपके दिले.

"खाली नाव टाकू का?" गुंजनने विचारलं.

"कायले? मले कोण ओळखत नाही?"

इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

त्या पहिल्या कॉमेंटनंतर संध्याकाळपर्यंत कॉमेंटांचा पाऊस पडला. 'वरच्याला मत.' 'शर्टाचा रंग एकदम ओरिजिनल.' 'पोटात तणीस जरा जास्त भरली, बाकी झकास.' उदाराम ओसरीवर बसून एकेक वाचत होता. लाजही वाटत होती आणि, खोटं कशाला बोला, आनंदही होत होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ती मतं धो-धो येत होती. तो मीच आहे, असं लिहायला त्याने तोंड... म्हणजे बोट उघडलं, आणि दारात मोटारसायकल थांबली.

कामठ्याचा श्यामलाल आला होता. शामकलेचा भाऊ. त्याने आपल्या बुजगावण्याला हेल्मेट, गॉगल आणि टाय घालून स्पर्धेत उतरवलं होतं, आणि शर्ट आपलाच, असं अख्ख्या कामठ्याला सांगून ठेवलं होतं.

"भाऊजी, सच्ची सांगतो," तो खाटेवर बसत म्हणाला, "हा वरचा लई खतरनाक हाये. माहं पोरगं फोटो पाहूनच रडून राहिलं. मी हार मानली. पण मालक कोण याचा? तुमचाच नेम हाये, बिनमालकाचं बुजगावणं बाद. मालकाचं नाव सांगा, नाही त शर्ट माहा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं, तर माणूस स्पर्धेतून बाद, शर्ट श्यामलालचा आणि सोयऱ्यांच्या दर लग्नात मांडवभर हसू. न सांगावं, तरी शर्ट श्यामलालचाच. उदाराम मोबाइलकडे पाहत राहिला. साळा आपल्याला फोटोत ओळखत नाही, याचंही त्याला मनातून वाईट वाटलं.

आतून शामकला आली. तिच्या हातात पेटीतला शर्ट होता. उदारामने आशा सोडली. माहेरचं माणूस दारात आलं की ही नवऱ्याची राहत नाही, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. श्यामलालने हात पुढे केला. शामकला त्याला ओलांडून गेली, शर्टाची घडी मोडली आणि उदारामच्या खांद्यांना लावून पाहिली.

"बसते," ती म्हणाली.

श्यामलालने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा भाऊजींकडे. पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. उदारामला एकदम हलकं वाटलं. हसायचंय तर हसोत लेकाचे. त्याने नवा शर्ट अंगात चढवला, गुंड्या लावल्या आणि मोठ्याने वाचत वाचत निकाल लिहिला:

"पहिला नंबर, वरचं बुजगावणं. मुक्काम बिरसी. मालकीण, सौ. शामकला उदाराम बिसेन."