मोहिमेतली जागा

मे महिन्याच्या भर दुपारी आळेफाट्याच्या हॉटेलात सुदर्शन घामानं निथळत होता. समोर बसलेला गाईड आफ्रिकेतल्या बर्फाळ ज्वालामुखीवर माणसं चढवायचा. मोहिमेत एक जागा नुकतीच रिकामी झाली होती.

गाईड बोलायला लागला की त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघायची.

"पावणं, हितं बिडी नाय चालायची," हॉटेलवाला गल्ल्यावरून ओरडला.

गाईडनं आपले रिकामे हात टेबलावर ठेवले.

सुदर्शनला हे काही ठीक दिसेना. "त्या जागेवरचा माणूस कुठं गेला?"

"वरच आहे," गाईड म्हणाला.

सुदर्शन खुर्ची सारून उठला. "मला न्हाई यायचं."

हॉटेलवाला आता त्याच्यावरच खेकसला, "अन् तुमी कवा पेटवली, राव? इझवा ती आधी!"